बिनआवाजाची वरात

जिंतूरला पंचायत समितीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला खोली मिळवून दिली ती लिंबाजी मास्तरांनी. खोली त्यांच्या घराला लागूनच होती. मधे फक्त एक कुडाची भिंत. किल्ली हातात देण्याआधी त्यांनी अट सांगितली. उजाडताना ते कॉर्नेटवर, म्हणजे बँडमधल्या पितळी तुतारीवर, रियाज करतात, त्याबद्दल तकरार करायची नाही. मी म्हणालो, तकरार कशाला, मला गाण्याची आवड आहे. त्यावर ते म्हणाले की ते गाणं नसतंच, नुसता एक सूर असतो. आणि तो बराच वेळ असतो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँड मास्तर. उंच, काळेसावळे, छाती भात्यासारखी आणि मिशीला दोन्ही बाजूंनी कातरी लावलेली, कारण केस कॉर्नेटच्या तोंडाला लागलेला त्यांना खपत नसे. त्यांच्या बँडला जिंतूरपासून पार चारठाण्यापर्यंत मागणी होती. लग्नसराईत लोक आधी मास्तरांकडं येऊन त्यांची तारीख विचारत आणि मग भटजीकडं मुहूर्त काढायला जात, असं मास्तर स्वतःच सांगायचे. त्यातलं थोडं खरंही होतं.

त्यांचे वडील गावकीची हलगी वाजवायचे. छप्पन्न साली आम्ही सगळे बौद्ध झालो आणि वस्तीतल्या जाणत्या माणसांनी ठरवलं की आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. मास्तरांना त्यांनी बोलावून घेतलं. बँड सोडून दे म्हणाले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं ते वस्तीत पुढं कितीतरी वर्षं लोक एकमेकांना सांगत होते.

"हलगी बापाला वाजवावी लागायची. बँड मी वाजवतो."

आणि हा फरक त्यांनी नुसता बोलून दाखवला नाही. लग्नघरी पोचलं की पहिली गोष्ट ते विचारायचे ती म्हणजे बँडवाल्यांची पंगत कुठं बसणार. गोठ्यामागं, उकिरड्याच्या कडेला पत्रावळ्या मांडलेल्या दिसल्या की ते कोटाची बटणं काढायला लागायचे. वरची दोन निघेपर्यंत यजमान धावत यायचा, मांडवात चटया पडायच्या. एका ठिकाणी यजमान आलाच नाही. मास्तरांनी सगळी बटणं काढली, कोट घडी करून काखेत घातला आणि माणसं घेऊन भर उन्हात पायी परत आले. त्या यजमानाच्या घोड्यापुढं त्या दिवशी कुणी तरी डबा बडवत चाललं होतं म्हणे.

गयामावशी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला "ह्यांचा ताठा" म्हणायच्या. पण कोटाला इस्त्री मात्र स्वतः करायच्या, कोळशाची इस्त्री थुंकी लावून तपासत. कुणी दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना चालत नसे.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नंच थांबली. पितळी वाद्यं पोत्यात बांधून माळ्यावर गेली आणि मास्तर बँडच्या पोरांसह रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. तिथं रोलर चालवणाऱ्या माणसाशी त्यांची दोस्ती झाली. जेवायच्या सुट्टीत इतर लोक बाभळीखाली आडवे व्हायचे, मास्तर रोलरखाली आडवे व्हायचे. इंजिन कसं श्वास घेतं आणि कुठून सोडतं हे त्यांनी तिथं शिकून घेतलं. त्यांना ते फार अवघड वाटलं नाही. आत घ्यायचं, दाबायचं, सोडायचं. आपण दुसरं काय करतो, असं म्हणायचे.

दुष्काळ हटला, बँड पुन्हा उभा राहिला आणि एक दिवस मास्तरांनी मोटार आणली.

आणली म्हणजे दोन बैल जुंपून ओढत आणली. गावातल्या एका वकिलांच्या आवारात निजामाच्या काळापासून एक काळी विलायती मोटार उभी होती. वकील औरंगाबादला जाणार होते, ती भंगारात निघाली होती. मास्तरांनी ती मागून घेतली. अंगणातल्या चिंचेखाली उभी केल्यावर वस्तीतली सगळी माणसं तिच्याभोवती जमली. मावशी दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, घरात पलंग नाही आणि दारात मोटार आली.

इंजिन मात्र चांगलं निघालं. थोड्याच दिवसांत ते सुरू झालं. आणि सुरू झालं तेव्हा चिंचेवरचे सगळे कावळे उडाले. कारण इंजिनातला धूर बाहेर नेणारी सगळी व्यवस्था नाहीशी झाली होती. इंजिनाच्या अंगाला जी ओतीव लोखंडाची शाखा असते, जिला कारागीर मनीफोल म्हणतात, ती उभी तडकली होती. तिच्या खालची नळी गंजून चाळण झालेली. सायलेन्सर तर जागेवरच नव्हता. गाडी रस्त्यानं निघाली की मळणीयंत्र चालत आल्यासारखं वाटे. मास्तरांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट, गाडी आली हे लोकांना कळतं, म्हणायचे. ती तशीच दोनेक वर्षं चालली.

मग सुमनचं लग्न ठरलं. सुमन त्यांची एकुलती एक मुलगी. परभणीला राहून शिकलेली, मास्तरीण होण्याच्या वाटेवर. मुलगा प्राथमिक शिक्षक, जिंतूर-बोरी रस्त्यापासून थोडं आत असलेल्या गावचा. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली ती माणसं आता राहिली नाहीत आणि आत्ताच्यांचा त्यात काही दोष नाही. सकाळी जिंतूरला त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लागायचं आणि दुपारी उन्हं कलली की नवरानवरीनं मास्तरांच्या मोटारीतून त्या गावी जायचं, वेशीपासून घरापर्यंत वरात, असं ठरलं.

लग्नाला महिनाभर राहिला असताना मुलाचे वडील आले. अगदी गरीब स्वभावाचा माणूस. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि पुष्कळ वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मीही तिथं होतो. मग त्यांनी हळूच निरोप सांगितला. त्यांची वस्ती गावाच्या पलीकडच्या अंगाला. तिथं जायचं तर गावातल्या मोठ्या रस्त्यानं जावं लागतं. त्या रस्त्यावर अण्णांचं घर. अण्णा म्हणजे गावातले मोठे जमीनदार, म्हातारे, सगळं गाव त्यांच्या शब्दातलं. अण्णांनी सांगून पाठवलं होतं की लग्न करा, आनंद आहे. पण त्या मोटारीचा आवाज फार, दारातले बैल बुजतील, दावं तोडतील. तेव्हा मोटार गावातून न आणता ओढ्याकडच्या वाटेनं बाहेरून न्या.

अण्णांच्या दारात मास्तरांचा बँड किती लग्नांत वाजला होता. पडघम, झांजा, सगळं. तेव्हा त्या बैलांनी कधी कान हलवला नव्हता. हे मास्तरांना माहीत होतं, निरोप घेऊन आलेल्या माणसालाही माहीत होतं. बँडमधला एक जण तापून काहीतरी बोलायला लागला. मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"आवाजाचंच म्हणणं हाय ना?" त्यांनी विचारलं. "दुसरं काही म्हणाले न्हाईत?"

व्याही म्हणाले, नाही.

"मंग त्यांना सांगा, आवाज राहणार न्हाई."

त्या रात्री मावशी त्यांच्याशी भांडल्या, ते कुडातून मला ऐकू आलं. आडवाटेनं नेली तर काय बिघडतं, पोरीला तिथं नांदायचं आहे, असं त्यांचं म्हणणं. मास्तर एवढंच म्हणाले की नांदायचं आहे म्हणूनच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बँडचं काम सोडलं आणि मोटारीचं धरलं. परभणीच्या भंगारवाल्यांकडं पायपीट केली. त्या विलायती गाडीचा सुटा भाग आता विलायतेतही मिळणार नाही असं प्रत्येकानं सांगितलं. मग मिळेल ते घेऊन आले. एका मोडीत निघालेल्या जीपचा मनीफोल. ट्रॅक्टरची जाड नळी. एका मालट्रकचा सायलेन्सर, मडक्याएवढ्या पोटाचा. तिन्ही वस्तू त्यांनी अंगणात मोटारीशेजारी मांडल्या. एकही दुसऱ्याला बसत नव्हती आणि तिघांपैकी कोणतीही मोटारीला बसत नव्हती.

एस.टी. स्टँडजवळ सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. सलीमभाई आले, उकिडवे बसले, मनीफोल इंजिनाला लावून बघितला. इंजिनाचे बोल्ट एका जागी, मनीफोलची भोकं बोटभर सरकून दुसऱ्या जागी. सलीमभाई म्हणाले, "मास्तर, ये तो ऊंट के मुंडी पे बकरी का धड बिठाना है." मास्तर म्हणाले, बसवायचं. डोकं उंटाचं असो की बकरीचं, गळा एक पाहिजे.

त्यांनी उपाय काढला तो मी समोर बसून पाहिला. दोघांच्या मधे घालायला जाड लोखंडी पट्टी घेतली. तिला एका अंगानं इंजिनाच्या बोल्टांची भोकं पाडली, दुसऱ्या अंगानं जीपच्या मनीफोलची. धूर जायची मोठी भोकं मात्र सरळ पाडून चालणार नव्हती. इंजिनाचं तोंड इकडं, मनीफोलचं तिकडं. मास्तरांनी ती तिरपी केली, कानस घेऊन, हातानं. दिवसचे दिवस तो खरखर आवाज. मधूनमधून आत बोट घालून फिरवायचे आणि डोळे मिटून चाचपायचे. कुठं काठ राहिला की पुन्हा कानस. वाद्याच्या नळीत आत बारीक काठ राहिला तर सूर फाटतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

नळी वाकवायलाही त्यांना कुणाची गरज पडली नाही. ओढ्यातली वाळू आणून तव्यावर भाजून कोरडी केली, नळीत ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली. मग भट्टीत लाल करून हळूहळू वाकवली. आत वाळू असली की नळी चेपत नाही, गोल राहते. बँडच्या वाद्यांच्या पिचक्या नळ्या ते अशाच सरळ करायचे. ट्रॅक्टरची नळी आणि ट्रकच्या सायलेन्सरचं तोंड यांत फरक होता, तिथं त्यांनी पत्र्याचा एक कर्णा वळून घातला. अगदी कॉर्नेटच्या तोंडासारखा.

पण इथंच त्यांचं चुकलं. कर्ण्याचा सांधा त्यांनी वाद्याला डाग देतात तसा कथलाचा दिला. देखणा सांधा होता. इंजिन सुरू केलं, गाडी जेमतेम वेशीपर्यंत गेली, आणि तापलेल्या नळीवरून कथील मेणासारखं गळून रस्त्यावर पडलं. सायलेन्सर मागं फरफटत आला. बाजाराचा दिवस होता. लोक हसले. मास्तर गाडीतून उतरले, रुमालात गुंडाळून तो गरम सायलेन्सर उचलला आणि पाठीवर टाकून सगळ्या बाजारातून चालत घरी आले. मान इतकी ताठ की हसणाऱ्यांपैकी काहींना वाटलं, ते असंच न्यायचं असावं.

त्या दिवशी मात्र सायलेन्सर टाकून ते ओसरीवरच बसले, मोटारीकडं फिरकले नाहीत. सुमन त्यांच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की बाबा, मी पायी जाईन, मोठ्या रस्त्यानं जाईन, मला गाडी नको. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उठले आणि सायलेन्सर घेऊन सलीमभाईंकडं गेले. माझ्या मते मास्तर आयुष्यात फार थोड्या वेळा दुसऱ्याकडं शिकायला गेले असतील. सलीमभाईंनी त्यांना पितळेचं झाळण, म्हणजे पितळ वितळवून दिलेला डाग, दाखवलं, जे तापलेल्या नळीवर टिकतं, आणि सांधा त्यांच्याच हातून करून घेतला. शिवाय सायलेन्सर गाडीला पक्का न ठोकता जुन्या टायरच्या पट्टीनं टांगायला सांगितला, म्हणजे थरथर अंगात येणार नाही.

मग वेगळंच संकट. आवाज गेला, पण गाडीचा जीवही गेला. चढ आला की गुदमरून थांबायची. ट्रकचा सायलेन्सर, आतल्या जाळ्यांत जुनी काजळी गच्च बसलेली. सलीमभाई म्हणाले थोडा आवाज राहू द्या, एक जाळी काढून टाकू. मास्तर कबूल होईनात. त्यांनी सायलेन्सर पुन्हा उतरवला, विस्तवावर घालून आतली काजळी जाळली, लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून झटकली, आणि त्याच्या एका तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. दुसऱ्या तोंडाशी मला तळहात धरायला लावला. हवा लागायला लागेपर्यंत हे चाललं. चेहरा काजळीनं माखलेला, मिशी पांढरी होती ती काळी झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी सुरू केली आणि मावशींना हाक मारली. मावशी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. चालू करा की, म्हणाल्या. मास्तर नुसते हसले. टपावर ठेवलेल्या पितळी पेल्यातलं पाणी बारीक थरथरत होतं.

लग्न झालं. मी वऱ्हाडात होतो. दुपार कलताना आम्ही त्या गावच्या वेशीशी पोचलो. मास्तरांचा बँड आधीच एस.टी.नं येऊन उभा होता, पांढऱ्या कडक पोशाखात. पोरांनी हट्टच धरला होता की मास्तरांच्या मुलीच्या लग्नात दुसरं कोण वाजवणार. मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं: वेशीपासून चालायचं, ओळीत, पाऊल एक, पण मी सांगेपर्यंत वाद्याला तोंड लावायचं नाही. स्वतः मास्तर गाडी चालवत होते. अंगात बँडचा कोट नव्हता. पांढरा सदरा, नवीन जाकीट आणि डोक्याला निळा फेटा. मागं सुमन आणि जावई. मुलाचे वडील माझ्याशेजारून पायी चालत होते आणि त्यांचा हात माझ्या कोपरावर घट्ट होता.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मी पुष्कळ वराती पाहिल्या, पण तसली नाही. बँडवाल्यांच्या बुटांचा एका तालात आवाज, मागं ती काळी मोटार पायाच्या चालीनं सरकत येणारी, आणि बाकी काही नाही. लोकांना आवाजानं बाहेर यायची सवय. त्या दिवशी ते आवाज नाही म्हणून बाहेर आले. बाया दारांत उभ्या राहिल्या. 

अण्णांच्या दारात बैलजोडी बांधलेली होती, पांढरी, टोलेजंग. अण्णा काठी घेऊन ओट्यावर. मोटार दाराशी आली. बैल कडबा खात होते. एकानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

अण्णा काठी टेकत ओटा उतरले आणि रस्त्यात आले. मास्तरांनी गाडी थांबवली. बँड थांबला.

"बंद पडली का काय, मास्तर?" अण्णांनी विचारलं.

"चालू हाय," मास्तर म्हणाले. "हात लावून बघा."

म्हाताऱ्यानं खरंच हात लावला. काठी काखेत धरून गाडीच्या नाकाडावर तळवा ठेवला. आतली थरथर त्यांच्या हाताला लागली असणार, कारण त्यांनी हात लगेच काढला नाही. मग मास्तरांकडं बघितलं, बँडकडं बघितलं आणि म्हणाले, "मंग मुक्यानं कशाला चाललाव? वाजवा की."

मास्तर गाडीतून उतरले नाहीत. आवाजही चढवला नाही.

"तुमच्या दारात लय वाजवलं, अण्णा. आज मी नवरीचा बाप हाय."

अण्णांनी हात काढला, मागं सरले, आणि पुन्हा ओट्याची पायरी चढले. वर गेल्यावर घरातल्या कुणाला तरी म्हणाले की रस्त्यातली बैलगाडी बाजूला घ्या, त्यांची मोटार जायची आहे. माझ्या कोपरावरचा व्याह्यांचा हात तेव्हा सैल झाला.

वस्तीत पोचल्यावर मास्तरांनी खूण केली आणि बँड जो काही उसळला तो सांगता येत नाही. रोखून धरलेलं सगळं त्या पोरांनी फुंकून टाकलं. कुणीतरी मास्तरांपुढं त्यांचं कॉर्नेट आणून धरलं. त्यांनी घेतलं नाही. गाडीच्या पायरीवर बसून ते ऐकत राहिले. स्वतःचा बँड समोर बसून त्यांनी तोवर कधी ऐकलाच नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "क्लॅरिनेट जरा खाली लागायलाय."

त्यानंतर ती मोटार त्या गावातून कितीदा तरी गेली. वस्तीतल्या लग्नांना जायची. नंतर अण्णांच्या नातीच्या लग्नालाही मागून नेली, आणि मास्तरांनी दिली. चालवायला मात्र स्वतः गेले, आणि पंगत कुठं आहे ते आधी विचारलं.

पुढं माझी हिंगोलीला बदली झाली. निघालो त्या दिवशी मास्तर घरी नव्हते, म्हणून भेट राहिली असं वाटलं. एस.टी. जिंतूरच्या बाहेर पडली आणि एका वळणावर ड्रायव्हरनं जोरजोरात हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी खिडकीतून मान बाहेर काढली. पुढं ती काळी मोटार, भर रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या वेगानं चाललेली. एस.टी. कशीबशी कडेनं पुढं काढली तेव्हा मला आत दिसलं. गाडी चालवत होती माहेरी आलेली सुमन. दोन्ही हातांनी चाक गच्च धरून, ओठ दातांत दाबून, समोर बघत. शेजारी मास्तर. त्यांचं समोर लक्षच नव्हतं. हाताची घडी घालून ते खिडकीतून बाहेर बघत होते, कापसाच्या रानात वाकलेली माणसं मान वर करून बघतात की नाही ते.

माणसं बघत होती.